गाणारा खरा की एआय, कसं ओळखायचं

अरे तू पाठवलेलं भजन ऐकलं, आवाज गोडय पण मला शंकाच आली. नुसत्या कानावर जाऊ नकोस, कान फसतो, माझाही फसलाय. आधी आर्टिस्टचं पेज उघड. दोन महिन्यांत तीन-चार अल्बम, फोटो सगळे गुळगुळीत, तबल्यावर कोण ते कुठेच नाही, असं दिसलं की सावध. 2025 मधे द व्हेल्वेट सनडाउन नावाच्या बँडचं असंच झालं, धडाधड अल्बम, स्पॉटिफायवर महिन्याला 10 लाखांवर ऐकणारे, आणि मग त्यांनीच कबूल केलं की एआय वापरलंय. डीझर हे गाणी ऐकायचं अ‍ॅप तर अशा अल्बमवर लेबलच लावतं.

मग लाइव्ह शोध. आपल्या ग्वाल्हेरला डिसेंबरात तानसेन समारोहात पुढे बसून बघ, थंडीनं तानपुऱ्याचा सूर हलतो, गायक मधेच थांबून खुंटी पिळतो, खाकरतो, तबलजीकडे बघून हसतो. एआयच्या तानेत श्वास कुठे घेतला तेच कळत नाही बऱ्याचदा, आणि ळ चा ल झालेला मी दोनदा पकडलाय. पण हे पक्कं नाही हं, स्टुडिओवाले खऱ्या गायकाचेही श्वास कापतात, तेव्हा एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नकोस, बिचारा नवा पोरगा निघाला तर? सरळ मेसेज कर, रियाजाचा व्हिडिओ माग.