मी पाठवलेला ईमेल खरा आहे, हे कोर्टात कसं सिद्ध करायचं?

नुसत्या प्रिंटआउटवर किंवा स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मजकूर बदलून तसाच कागद कोणीही काढू शकतो. ‘सेंट’ फोल्डरमधली प्रतही तुमच्याच ताब्यातली, त्यामुळे समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

खरं वजन असतं ते पोहोचलेल्या प्रतीला. मेल बाहेर पडताना पाठवणारा सर्व्हर त्यावर बहुतेक वेळा ‘डीकेआयएम’ ही डिजिटल सही करतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी नंतर बदलला, तरी ती सही सहसा जुळत नाही. ‘सेंट’मधल्या प्रतीत ही सही बहुधा नसतेच! म्हणून महत्त्वाचा मेल पाठवताना दुसऱ्या कंपनीच्या सेवेवरच्या आपल्या खात्याला बीसीसी (इतरांना न दिसणारी प्रत) ठेवा. तिथली प्रत पूर्ण हेडरसकट, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या आणि सहीच्या तांत्रिक नोंदीसकट, ‘.ईएमएल’ (.eml) फाइल म्हणून उतरवून घ्या. फॉरवर्ड करू नका, मूळ हेडर जातात. सही तपासायची सार्वजनिक किल्ली पाठवणाऱ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, असते आणि ती अधूनमधून बदलली जाते, तेव्हा पडताळणी लगेच करून अहवाल जपा. फाइलचा एसएचए-२५६ हॅशही, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही, नोंदवून ठेवा.

मूळ मेल मात्र खात्यातून अजिबात डिलीट करू नका. आणि समोरच्याने त्याला उत्तर दिलं असेल, तर तो पुरावा सगळ्यात आधी वकिलाला दाखवा.