एच-१बी व्हिसावर घरी काडतुसे भरणे परवडेल का?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली चार वर्षे टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. पत्नी एच-४ वर, म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. माझ्याकडे हरणाच्या शिकारीची रायफल आहे आणि मी दरवर्षी शिकारीचा परवाना काढतो. दोन महिन्यांतून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जातो, तेव्हा ४० काडतुसे लागतात. एक अमेरिकी सहकारी काडतुसे पुन्हा भरण्याची प्रेस आणि इतर साधने मिळून ६०० डॉलरला देत आहे. घरी भरल्यास एका काडतुसामागे ५० सेंट वाचतील. हे कायदेशीर आहे का? मित्रांना थोडी विकली तर चालेल का? पुढे भारतात परतलो तर प्रेस सोबत नेता येईल का?

उत्तर : स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार कोणताही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो व्यवसाय म्हणून काडतुसे तयार करणाऱ्याला. आपण ग्रीन कार्डधारक असता तर माझे उत्तर जवळपास इथेच संपले असते. परंतु आपला व्हिसा तात्पुरता आहे, आणि फेडरल कायद्याच्या १८व्या शीर्षकातील कलम ९२२(जी)(५)(बी) अशा व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक आणि दारूगोळा या दोन्हींचा ताबा ठेवण्यास मनाई करते. त्याच कलमाच्या उपकलम (वाय)मध्ये काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी आपल्या उपयोगाचा एकच आहे : अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असणे. आपली रायफल आज कायदेशीर आहे ती केवळ त्या कागदामुळे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आता घरी काडतुसे भरण्याचा विचार करणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट सांगतो. ‘दारूगोळा’ म्हणजे तयार काडतूस, असा आपला समज असतो. कलम ९२१(ए)(१७) मधील व्याख्येत मात्र तयार काडतुसाबरोबरच काडतुसाचे कवच, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), गोळी आणि बंदुकीची दारू ही चारही अंगे स्वतंत्रपणे दारूगोळा ठरवली आहेत. म्हणजे रेंजवरून वेचून आणलेले रिकामे पितळी कवचसुद्धा आपल्या बाबतीत दारूगोळाच आहे. प्रेस, डाय (कवचाला आकार देणारे साचे), वजनकाटा ही साधने त्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे ती नुसती विकत घेतल्याने काही बिघडत नाही. बंदूक घेताना दुकानदार फॉर्म भरून घेतो आणि व्हिसाबद्दल विचारतो. दारूचा डबा किंवा प्रायमरचे खोके घेताना केंद्रीय कायद्यानुसार असा कोणताही फॉर्म नाही. कोणी अडवले नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ त्यातून काढू नये.

टेक्सासचा शिकारीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. आपण नवा परवाना हरणांचा हंगाम तोंडावर आल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस काढत असाल, तर मधले जवळजवळ दोन महिने कपाटातली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक प्रायमर बेकायदा ताब्यात येतो. रायफलही त्यातून सुटत नाही. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षे आहे. शिवाय इमिग्रेशन कायद्याच्या परिभाषेत तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ ठरतो, म्हणजे दोष सिद्ध झाल्यास देशाबाहेर काढले जाणे टाळण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून विक्रीला येतात. तेव्हाच घेऊन टाकावा. चालढकल करण्याजोगी ही गोष्ट नाही.

आपला हिशेब इथेच कायद्याशी अडतो. वर्षाला सहा फेऱ्या आणि प्रत्येक वेळी ४० काडतुसे म्हणजे २४० काडतुसे झाली. ५० सेंटप्रमाणे १२० डॉलर वाचले, तर ६०० डॉलर भरून यायला पाच वर्षे लागतील, आणि एच-१बीची मुदतच साधारणपणे सहा वर्षांची असते, ज्यातली आपली चार संपली आहेत. (ग्रीन कार्डच्या रांगेत असल्यास ती वाढते, हे खरे.) बरे, हे ५० सेंट वाचतात ते माल एकदम मोठ्या प्रमाणात घेतला तरच. दारू आणि प्रायमर ऑनलाइन मागवले तर धोकादायक मालाची वाहतूक म्हणून प्रत्येक पार्सलवर वेगळा आकार लागतो, त्यामुळे थोडे थोडे मागवणे महाग पडते आणि जाणकार लोक दारूचा आठ पौंडी डबाच घेतात. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. आपल्या रायफलच्या एका काडतुसाला ४० ग्रेन दारू लागते असे धरले, तर त्या एका डब्यात १४०० काडतुसे भरतील. आपल्या वापराने तो डबा जवळपास सहा वर्षे पुरेल. इतक्या काळात ३१ ऑगस्ट किती वेळा येईल आणि व्हिसा किती वेळा वाढवून घ्यावा लागेल, ते मोजून पाहावे. काटकसरीसाठी साठा करावा लागतो, आणि आपल्या परिस्थितीत जोखीम साठ्यातच आहे.

नोकरी गेली तर काय, हे आपण विचारलेले नाही, पण त्याचे उत्तर द्यायलाच हवे. एच-१बीधारकाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर दुसरी काही सोय झाली नाही, तर वास्तव्य बेकायदा ठरते आणि मग लागू होते ते याच कलमाचे उपकलम (५)(ए), ज्याला शिकारीच्या परवान्याचा अपवाद नाही. रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अशाच प्रकरणातला आहे. तो तरुण विद्यार्थी व्हिसावर आला होता, विद्यापीठाने त्याला काढून टाकले आणि नंतर त्याने एका रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या. आपले वास्तव्य बेकायदा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाचा आधार मिळतो तो खरोखर अजाण असलेल्याला. आपण तर वकिलाला विचारून बसला आहात.

पत्नीचाही विचार करावा. त्या एच-४ वर आहेत, म्हणजे त्यांनाही तीच मनाई आहे आणि आपला परवाना त्यांच्या उपयोगाचा नाही. आपण महिनाभर साताऱ्याला गेलात आणि गॅरेजमधल्या कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात टांगलेली राहिली, तर तो साठा त्यांच्याही ताब्यात होता, असा आरोप सरकारी वकील करू शकतात. कायद्यात ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे, नियंत्रण असले तरी पुरते. किल्ली एकच असावी आणि ती आपल्याजवळ असावी, किंवा त्यांनीही स्वतःचा परवाना काढावा.

मित्रांना विकण्याचा विचार मात्र आजच सोडून द्यावा. काडतुसे बनवून विकण्याच्या व्यवसायाला केंद्रीय परवाना लागतो. त्याचे शुल्क वर्षाला अवघे १० डॉलर आहे, हे ऐकून अनेकांना मोह होतो. पण काडतुसांच्या विक्रीवर उत्पादकाला ११ टक्के अबकारी कर असतो, आणि त्याहून मोठी अडचण अशी की एच-१बीवर असताना आपल्या व्हिसासाठी याचिका दाखल केलेल्या कंपनीखेरीज अन्य मार्गाने कमाई करणे हाच व्हिसाच्या अटींचा भंग आहे. एखाद्या मित्राच्या रायफलची नळी फुटून तो जखमी झाला, तर नुकसानभरपाईचा दावा वेगळाच.

राहिला भारताचा प्रश्न. अमेरिकेत प्रेस हे निव्वळ साधन आहे. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम २(१)(ब) प्रमाणे मात्र दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रे हीसुद्धा ‘दारूगोळा’ या शब्दात येतात. परवान्याशिवाय दारूगोळा आयात करण्यास कलम १० ची, तर तयार करण्यास कलम ५ ची बंदी आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. आठवण म्हणून खिशात ठेवलेले एखादे कवचही मुंबईच्या विमानतळावर अडचणीत आणू शकते. किरकोळ सुट्या भागांसाठी कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण तो युक्तिवाद करायची वेळ येते ती गुन्हा नोंदला गेल्यानंतर.

तेव्हा ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत आपण तयार काडतुसेच घ्यावीत, एका हंगामापुरतीच घ्यावीत आणि रेंजवरची रिकामी कवचे तिथल्याच डब्यात टाकावीत, असे माझे मत आहे. सहकाऱ्याची प्रेस हातची घालवायची नसेल तर खुशाल घेऊन ठेवावी, पण त्याने सोबत दारू आणि प्रायमर फुकट देऊ केले तर नम्रपणे नाकारावेत. आपल्या व्हिसाची कल्पना असताना आणि आपला परवाना संपलेला असताना त्याने ते दिले, तर कलम ९२२(डी) खाली तोही आपल्याबरोबर गोत्यात येईल.