गाडी लागणाऱ्या मुलांना कोणते औषध द्यावे?

प्रश्न : गणपतीसाठी आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे दापोलीला जाणार आहोत. ६ वर्षांच्या मुलाला (वजन १८ किलो) घाट सुरू झाला की हमखास उलट्या होतात. धाकटी मुलगी १७ महिन्यांची आहे. मागच्या वेळी तिलाही एकदा उलटी झाली. सासूबाईंच्या मते दोघांनाही अ‍ॅव्होमिनची अर्धी अर्धी गोळी द्यावी. शिवाय मुलाला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा आणलेले ऑन्डान्सेट्रॉनचे सिरप घरात शिल्लक आहे. यांपैकी मुलांसाठी सुरक्षित काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी धाकटीविषयी, कारण खरी काळजी तिची आहे. तिला यांपैकी कोणतेही औषध देऊ नका. अर्धी गोळी नाही आणि पाव गोळीही नाही. अ‍ॅव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असते आणि २ वर्षांखालील मुलांमध्ये या औषधाने श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ पासून त्याच्या माहितीपत्रकावर या वयासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी केली की धोका टळतो, असे या औषधाच्या बाबतीत धरून चालता येत नाही. शिवाय २ वर्षांखालील बाळांना गाडी लागणे मुळात क्वचितच घडते. त्यामुळे तिला पुन्हा उलटी झाली, तर निघण्याआधी पोटभर दूध पाजले होते का, गाडीत फार उकडत होते का, ताप किंवा कान दुखणे आहे का, हे पाहावे.

आता शिल्लक राहिलेल्या सिरपविषयी. ऑन्डान्सेट्रॉन हे जुलाब-उलट्यांच्या आजारात उपयोगी पडणारे औषध आहे. पण गाडी लागण्यावर त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलतो आहोत’ असे सांगत असते, तर पुढच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे ‘सारे स्थिर आहे’ असे कळवतात, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. कानाकडून मेंदूतील उलटीच्या केंद्राकडे जाणारा हा संदेश ऑन्डान्सेट्रॉन अडवू शकत नाही. डॉम्पेरिडोनचेही तसेच आहे. मेटोक्लोप्रामाइडचा तर उपयोग नाहीच, उलट मुलांमध्ये त्याने मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे असे घाबरवून सोडणारे परिणाम होऊ शकतात. ‘उलटीचे औषध द्या’ एवढेच सांगून केमिस्टकडून औषध आणू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

थोरल्या मुलासाठी माझी पसंती डायमेनहायड्रिनेटला आहे. हे औषध २ वर्षांपुढील मुलांना देता येते आणि त्याची मात्रा दर किलो वजनाला १ ते १.५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मुलासाठी साधारण २५ मिलिग्रॅम, अर्थात ५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, इतकी होते. तरीही ही मात्रा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून पक्की करून घ्या आणि मुलाला दमा, फिट्स किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर तो त्यांना आवर्जून सांगा. सिनारिझिन ५ वर्षांपुढे चालते. प्रोमेथाझिनही काही देशांत ५ वर्षांपुढील मुलांना प्रवासासाठी दिले जाते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०२४ मध्ये ६ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. आपला मुलगा या सीमारेषेवरच असताना दुसरा पर्याय हाताशी असेल, तर मी प्रोमेथाझिनकडे वळणार नाही.

डायमेनहायड्रिनेटची गोळी निघण्यापूर्वी साधारण तासभर आधी द्यावी. घाटात मळमळू लागल्यावर दिलेली गोळी बहुधा उलटीतूनच बाहेर पडते. ती पडली म्हणून लगेच दुसरी देऊ नये, कारण दोन मात्रांमध्ये किमान ६ तासांचे अंतर हवे. या औषधाने बहुतेक मुलांना गुंगी येते, पण काही मुले उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. म्हणून प्रवासाच्या आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, घरी एक मात्रा देऊन पाहावी. आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही : सर्दीच्या अनेक सिरपमध्ये क्लोरफेनिरामिनसारखे गुंगी आणणारे औषध असतेच, त्यामुळे ते चालू असताना वरून प्रवासाची गोळी दिली, तर गुंगी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

औषधाइतकेच महत्त्व बसण्याच्या जागेला आहे. मुलाला मागच्या सीटवरच, पण बूस्टर सीट लावून इतके उंच बसवा की त्याला समोरचा रस्ता दिसेल. मोबाइल आणि पुस्तक घाटात पूर्णपणे बंद ठेवा. निघताना पोळी किंवा इडली असे हलके खाणे द्या, उपाशी नेऊ नका. आल्याचा तुकडा चघळायला दिल्यास हरकत नाही, पण त्याच्या गुणाविषयीचा पुरावा तोकडा आहे.

प्रश्न : माझ्या १० वर्षांच्या मुलीला एस.टी. लागते. अमेरिकेहून आलेल्या भावाने कानामागे चिकटवायच्या स्कोपोलामिनच्या पट्ट्या आणल्या आहेत. पट्टी अर्धी कापून लावली तर चालेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. ही पट्टी प्रौढांसाठी असून तिच्यातून ३ दिवस औषध झिरपत राहते. कापल्यावर ते किती वेगाने अंगात जाईल याचा भरवसा राहत नाही. मुलांमध्ये तिने भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, दृष्टी धूसर होणे असे परिणाम होऊ शकतात. घाम कमी येऊन शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढण्याविषयीही अमेरिकी नियामकाने जून २०२५ मध्ये इशारा दिला आहे, आणि कोकणातल्या उकाड्यात तो विशेष गांभीर्याने घ्यायला हवा. तिकडून येणाऱ्या मेक्लिझिनच्या चघळायच्या गोळ्याही १२ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत. आपल्या मुलीसाठीही डायमेनहायड्रिनेट किंवा सिनारिझिन यांचाच विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. एस.टी.त तिला चाकांवरची किंवा अगदी मागची जागा न देता पुढच्या भागात खिडकीशी बसवावे, आणि चुकून पट्टी लावली गेलीच असेल, तर ती लगेच काढून ती जागा व स्वतःचे हात साबणाने धुवावेत. ते औषध बोटांवरून डोळ्यात गेले, तर बाहुली विस्फारून दृष्टी अंधुक होते.