ब्लॉकिंग पेप्टाइड घातल्यावर बँड गेला, तर अँटिबॉडी स्पेसिफिक म्हणायची का?

तुम्ही विचारलंय, वेस्टर्न ब्लॉटमध्ये ब्लॉकिंग पेप्टाइड वापरल्यावर बँड गायब झाला, तर ‘अँटिबॉडी स्पेसिफिक आहे’, म्हणजे फक्त आपलंच प्रोटीन धरते, असं थिसिसमध्ये लिहू का. तेवढ्यावर लिहू नका. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, घ्यायची आणि अँटिबॉडीने हवं ते शोधायचं; ती जिथे चिकटते तिथे बँड दिसतो.

मी खानापूरचा, बेळगावात लॅबमध्ये काम करतो. आमच्या खानापूर स्टँडवर उभं राहून “ओ पाटील!” म्हणून हाक मारा, चार माना वळतील. अँटिबॉडीचं तसंच. ती अख्खं प्रोटीन ओळखत नाही, त्यातला एक छोटा भाग धरते. ब्लॉकिंग पेप्टाइड म्हणजे ती अँटिबॉडी ज्यावर तयार केली तोच प्रोटीनचा तुकडा, साधारण 10 ते 20 अमिनो आम्लांचा, कृत्रिमरीत्या बनवलेला. तो अँटिबॉडीच्या दोन्ही हातांत आधीच कोंबला की मेम्ब्रेनवरचं काही धरायला हात मोकळे राहत नाहीत. बँड गेला, म्हणजे हाक ‘पाटील’ अशीच होती. पण वळलेला पाटील तुमचाच होता की नंदगडचा, हे त्यातून कळत नाही.

मी यात फसलोय. 55 आणि 70 किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) दोन बँड येत होते, पेप्टाइडने दोन्ही पुसले गेले. आम्ही खूश! वरचा बँड त्याच प्रोटीनचं दुसरं रूप, असं ठरवून आकृतीसुद्धा काढली. पुढे एसआयआरएनए (एखादा जीन दाबणारा छोटा आरएनए) देऊन त्या जीनचं प्रोटीन कमी केलं, तर खालचा बँड फिका पडला आणि वरचा जसाच्या तसा. तो परका होता, तुकडा तेवढा मिळताजुळता. दोन महिने पाण्यात.

आता कृतीचं. 1 मायक्रोग्रॅम अँटिबॉडीला 5 मायक्रोग्रॅम पेप्टाइड ही नेहमीची सुरुवात. कमी वाटेल, पण अँटिबॉडी 150 किलोडाल्टनची आणि 15 अमिनो आम्लांचं पेप्टाइड जेमतेम दीडेक किलोडाल्टनचं, त्यामुळे एकेका हाताला दोनशेच्या वर पेप्टाइड येतात. रात्रभर 4 अंशांवर ठेवा. नुसत्या अँटिबॉडीची ट्यूबही तितकाच वेळ शेजारी हवी, नाहीतर तुलना कसली? तिसरीत अमिनो आम्लं तीच पण क्रम विस्कटलेलं पेप्टाइड घाला. त्याने बँड जाता कामा नये. आणि मेम्ब्रेनच्या सगळ्या पट्ट्यांचं एक्स्पोजर, म्हणजे फोटो घ्यायचा वेळ, एकच. पेप्टाइडच्या पट्टीला कमी एक्स्पोजर देऊन ‘गेला की!’ म्हणणारे मी पाहिलेत.

अँटिबॉडी फॉस्फो असेल, म्हणजे फॉस्फेट लागलेलंच प्रोटीन धरणारी, तर फॉस्फेट असलेलं आणि नसलेलं, दोन्ही पेप्टाइड मागवा. पहिल्याने बँड जायला हवा, दुसऱ्याने राहायला हवा. ही परीक्षा मात्र मला खरंच उपयोगी वाटते.

2016 मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये अँटिबॉडी तपासायचे पाच मार्ग सुचवले गेले. त्यात जीन काढून किंवा दाबून बघणं आहे, पेप्टाइड ब्लॉकिंग नाही. तुमच्याकडे नॉकआउट (तो जीन काढून टाकलेल्या) पेशी नसतील तर नॉकडाउन, म्हणजे जीन दाबणं, तरी कराच. तोपर्यंत थिसिसमध्ये एवढंच लिहा (इम्युनोजेन म्हणजे अँटिबॉडी ज्यावर तयार केली ते): ‘इम्युनोजेन पेप्टाइडने सिग्नल रोखला गेला.’