काडतूस भरणे, बंदूक भरणे आणि वार्मिंट रायफल

अमेरिकेतील वार्मिंट रायफलींवरचा, म्हणजे लहान उपद्रवी प्राणी टिपण्याच्या रायफलींवरचा, मजकूर मराठीत आणताना 'हँडलोडिंग'साठी, म्हणजे सुटे घटक जुळवून काडतूस स्वतः तयार करण्यासाठी, 'हाताने गोळ्या भरणे' हा शब्दप्रयोग चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते तो चालणार नाही, आणि अडचण 'गोळी' या शब्दाची आहे.

रोजच्या मराठीत 'गोळी' म्हटल्याने संपूर्ण काडतुसाचाही बोध होतो; 'पिस्तुलात सहा गोळ्या होत्या' या वाक्याने कोणाचाही गैरसमज होत नाही. हँडलोडिंगमध्ये मात्र काडतुसाचे चार घटक सुटे हाताळले जातात आणि नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा, म्हणजे गोळी, हा त्यांपैकी केवळ एक असतो. बार उडाल्यावर मागे राहते ती पितळी पुंगळी. गुन्ह्यांच्या बातम्यांतील 'रिकाम्या पुंगळ्या' आणि 'जिवंत काडतुसे' यांमुळे हा भेद मराठी वाचकाला परिचित आहे. दारू हा शब्द तर जुनाच आहे. पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या, आघाताने पेटणाऱ्या घटकाला मी 'प्राइमर'च म्हणेन, कारण 'टोपी' म्हटले की ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर येते.

म्हणून 'काडतूस भरणे' हा प्रयोग मला योग्य वाटतो. 'बंदुकीत काडतुसे भरली' असेही आपण बोलतो, त्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी त्या क्रियेला त्याच मजकुरात 'बंदूक भरणे' किंवा 'काडतूस घालणे' म्हणावे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच ठासली जात असल्याने या दोन क्रिया वेगळ्या नव्हत्याच. 'बार भरणे' हा सुंदर प्रयोग त्या बंदुकीचा आहे आणि तो येथे वापरू नये.

'वार्मिंट' हे 'व्हर्मिन'चे बोलीरूप असून त्याचा अर्थ उपद्रवी प्राणी असा होतो. तरीही 'उपद्रवी प्राण्यांची रायफल' असे भाषांतर केल्यास आपल्याकडचा शेतकरी रानडुकराचा विचार करील, आणि या रायफली त्यासाठी नाहीत. त्यांचे लक्ष्य म्हणजे कुरणांत बिळे करणारे प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, फार तर कोल्ह्यासारखा दिसणारा कायोटी. लक्ष्य लहान आणि अंतर मोठे, म्हणून गोळी हलकी आणि वेग प्रचंड. 'वार्मिंट रायफल' हेच नाव ठेवून पहिल्या उल्लेखात अर्थ सांगावा. प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातील प्राणी आहे, तेव्हा त्याचा 'कुत्रा' होऊ देऊ नये.

काडतुसांच्या नावांतील आकड्यांचेही भाषांतर किंवा रूपांतर करू नये, कारण ती मापे नसून नावे आहेत. विंचेस्टरने १९३५ मध्ये आणलेले .२२० स्विफ्ट आणि रेमिंग्टनने १९६५ मध्ये कारखान्यात काढलेले .२२-२५० या दोन्हींच्या गोळीचा व्यास .२२४ इंच आहे. दुसऱ्या नावातील २५० हा आकडा .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसावरून आला, कारण त्याच्याच पुंगळीची मान .२२ च्या गोळीसाठी आवळून हे काडतूस घडवले गेले. कारखान्याने ते स्वीकारण्यापूर्वी कित्येक वर्षे हौशी नेमबाज ते स्वतः भरत होते. अशा काडतुसाला 'वाइल्डकॅट' म्हणतात. हँडलोडिंग हा केवळ काटकसरीचा उद्योग नव्हे, हे या इतिहासावरून कळते, आणि म्हणूनच त्यासाठी मराठीत नेमका शब्द हवा असे मला मनापासून वाटते.

शेवटची सूचना 'ग्रेन'विषयी. हे वजनाचे माप असून ७००० ग्रेनचा एक पौंड होतो; स्विफ्टची मूळ ४८ ग्रेनची गोळी, जी सेकंदाला ४००० फुटांहून अधिक वेगाने सुटे, सुमारे ३.१ ग्रॅमची होती. दारूही दाणेदार असल्यामुळे 'ग्रेन'चे 'दाणे' केल्यास वाचक वजनाऐवजी संख्या समजेल, शिवाय 'ग्रेन' आणि 'ग्रॅम' यांची अदलाबदल झाली तर आकडा पंधरा पटींनी चुकेल. दारूच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून मुद्रिते तपासताना हे दोन शब्द प्रत्येक ठिकाणी पुन्हा पाहावेत.