तडे नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असं नसतं

तुमचा प्रश्न असा आहे: सात वर्षं जुनी पेट्रोल गाडी, 72,000 किलोमीटर झालेली. सकाळी सुरू केली की पुढून 'चीं' असा आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. मेकॅनिक म्हणतो फॅन बेल्ट बदला. तुम्ही टॉर्च लावून पाहिलंत तर बेल्टला एकही तडा नाही. मग बदलायचा की थांबायचं?

बदला. पण नुसता बेल्ट बदलून गाडी परत आणू नका.

एवढं ठामपणे सांगतोय कारण 'तडे नाहीत' यावर विसंबून मी घरच्यांसकट कशेडी घाटात अडकलो आहे. गणपतीला गावी निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजात दाखवली होती. बेल्ट वरून बघून सांगितलं गेलं, अजून वर्षभर काही होत नाही. पोलादपूर मागे टाकून चढ लागला, पाऊस कोसळत होता, आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, एसीतून कोमट हवा यायला लागली. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला तशी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागे आई आणि लहान मुलगी. टोइंगची गाडी यायला चार तास लागले. इंजिन वाचलं ते केवळ लगेच बंद केलं म्हणून.

बेल्ट तुटला होता. एका पट्ट्यावर एवढं सगळं अवलंबून असतं. जुन्या पद्मिनी, अँबॅसडरला व्ही-बेल्ट असायचा आणि तो रेडिएटरचा पंखाही फिरवायचा, म्हणून 'फॅन बेल्ट' हे नाव पडलं. आता बहुतेक गाड्यांत पंखा विजेवर चालतो, नाव मात्र तेच राहिलंय. आजचा रुंद, आतून उभ्या खाचा असलेला बेल्ट इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुलीवरून निघून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि माझ्या जुन्या गाडीत होता तसा पॉवर स्टिअरिंगचा पंप, असं सगळं फिरवत सापासारखा वळत जातो.

आता तड्यांचं. पूर्वीचे बेल्ट निओप्रीन या कृत्रिम रबराचे असत. ते म्हातारे झाले की आडवे तडे जायचे आणि डोळ्यांना दिसायचे. मेकॅनिक मंडळींची नजर त्यावरच तयार झाली. गेल्या वीसेक वर्षांतले बेल्ट मुख्यतः ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराचे असतात आणि ते सहसा तडकत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. खाचा हळूहळू रुंद होतात, बेल्ट पुलीत खोल बसतो, कडांची पकड जाते आणि तो घसरायला लागतो. वरून पाहाल तर काळाभोर, नव्यासारखा. माझ्या त्या बेल्टचा उरलेला तुकडा नव्याशेजारी धरला तेव्हा हे पहिल्यांदा कळलं. खाचांच्या मधल्या रिब, म्हणजे उंच पट्ट्या, निम्म्या झाल्या होत्या.

तुम्हाला सकाळी येणारा आवाज बहुधा हाच. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो, त्यात पट्ट्यावर रात्रीचं दव. झिजलेला किंवा सैल पट्टा त्या ओझ्याला घसरतो. ओझं उतरलं की गप्प. खात्री करायची तर इंजिन चालू असताना, बाही आणि ओढणी लांब ठेवून, खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीतून थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही, आणि मग नवा बेल्ट टाकूनही आवाज जाणार नाही. बाजारात मिळणारे 'बेल्टचा आवाज बंद' छापाचे स्प्रे मात्र कधीही मारू नका, त्याने धूळ चिकटते आणि खरं दुखणं झाकलं जातं.

म्हणून टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पुलीची, तपासणी आग्रहाने करून घ्या. इंजिन आयडलवर असताना त्याचा दांडा किंचित थरथरणं ठीक, पण उड्या मारत असेल तर स्प्रिंग गेली. बेल्ट उतरवल्यावर टेन्शनर आणि आयडलरच्या (बेल्टला फक्त वाट दाखवणाऱ्या) पुल्या हाताने फिरवायला सांगा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली की बेअरिंग संपलं. ते तसंच ठेवलं तर नवा बेल्टही खातं. कुठून ऑइल किंवा कूलंट बेल्टवर टपकत असेल तर ती गळती आधी थांबवा.

किलोमीटरचं म्हणाल तर पुस्तिकेत लिहिलेलं पहिलं. मी स्वतः 80,000 किलोमीटर किंवा सहा वर्षं, जे आधी होईल ते धरतो. शहरात त्याहून लवकर, कारण सिग्नलला गाडी उभी असली तरी बेल्ट एसीचं ओझं घेऊन फिरतच असतो आणि मीटरवर त्याची नोंद होत नाही. कडेचे दोरे निघालेले दिसले, रिबचा तुकडा गेलेला दिसला, तर कसलाही हिशोब करू नका, त्याच दिवशी बदला.

बेल्टच्या पाठीवर 6पीके1020 असा नंबर असतो. 6 म्हणजे रिब, 1020 म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. नवा नंबर तोच आहे ना, पाहा. उतरवण्याआधी बेल्ट कसा वळवलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चुकीचा वळवला तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो. जुना तुटलेला नसेल तर तो अडीअडचणीला डिकीत ठेवा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, ही वेगळी गोष्ट आहे. तो कव्हरच्या आत असतो, त्याची मुदतही वेगळी. बिलावर 'बेल्ट बदलला' एवढंच लिहिलं असेल तर कुठला, ते विचारून घ्या.