आय७ बाजूला ठेवा, आधी अडतंय कुठे ते बघा

नागपूरचे दुकानदार तुम्हाला म्हणाले की गेमिंग म्हटलं की इंटेलचा आय७-१४७००के प्रोसेसर हवाच, रॅम आणि पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवू. तुमच्याकडे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झचा, खेळता रोज व्हॅलोरंट आणि रविवारी सायबरपंक २०७७. एवढं नीट लिहिलंत म्हणून उत्तरही सरळ देता येतं: एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या.

कारण सांगतो. पोळ्या करताना एकजण लाटतो, दुसरा भाजतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली हा हिशोब करून चित्राची ऑर्डर सोडतो तो प्रोसेसर, म्हणजे लाटणारा. पिक्सेल रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे तवा. १४४ एफपीएस (दर सेकंदाला १४४ चित्रं) हवे असतील तर दोघांनाही आपापलं काम दर ६.९ मिलिसेकंदांत संपवावं लागतं. रिझोल्यूशन वाढवलं की तव्यावरचा भार वाढतो (१०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख), पण शत्रू तेवढेच आणि गोळ्याही तेवढ्याच, त्यामुळे लाटणाऱ्याचं काम जवळपास तेच राहतं.

व्हॅलोरंटचं चित्र हलकं आहे, तिथे तवा रिकामा आणि प्रोसेसरवर मदार. सायबरपंकमध्ये उलट. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशोब) लावलं की प्रोसेसरचंही काम वाढतं, पण त्याआधी ४०६० दमेल. तिथे आय७ लावून काही हाती लागणार नाही.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. मित्राच्या मशीनवर तोच गेम १०८०पीवरून ७२०पीवर आणून बघा. एफपीएस उडी मारून वर गेले तर अडत होतं कार्डपाशी. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरपाशी. आणि सरासरीवर जाऊ नका, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये '१ टक्का लो' (सगळ्यांत संथ १ टक्का चित्रांचा एफपीएस) बघा. सरासरी १८० आणि हा आकडा ६० असेल तर हाताला झटके जाणवतातच.

आता कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या हातांचं. १४७००केचे २० कोअर ऐकायला भारी वाटतात, पण त्यातले ८ मोठे आणि १२ छोटे. व्हिडिओ एडिटिंगला उत्तम, गेमला एवढे लागत नाहीत. गेमला हवी असते कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ५८००एक्स३डी आणला, तेव्हा हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. ५८००एक्सचेच ८ कोअर, घड्याळाचा वेग उलट कमी, फक्त एल३ कॅश ३२ वरून ९६ एमबी. तरी बहुतेक गेममध्ये तो पुढे, कारण गेमचा कोड इकडेतिकडे विखुरलेला डेटा सारखा मागत असतो आणि त्यासाठी दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालणं महाग पडतं. नंतरच्या ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डीचं गुपितही तेच. तुमच्या ४०६०ला मात्र आत्ता ते नकोत.

आणि उन्हाळा! १४७००के पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ७६०० हा ६५ वॅटच्या वर्गातला, पूर्ण भारावरही ८८च्या आसपास, आणि बॉक्समध्ये कूलर मिळतो. मे महिन्यात ४५ अंशांत हा फरक तुम्हाला खोलीत बसून कळेल. शिवाय १३व्या-१४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप चिप्समध्ये जादा व्होल्टेजमुळे क्रॅश होण्याची अडचण २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केली, मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिला, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. कुणी सेकंडहँड देऊ केला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) कधी अपडेट केलं होतं ते आधी विचारा.

बजेट ताणलं गेलं तर आय५-१२४००एफ वाईट नाही. फक्त तो बसतो ते एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीपाशी संपलं. ७६०० बसतो त्या एएम५ सॉकेटच्या बी६५० बोर्डावर मात्र तीन-चार वर्षांनी कार्ड बदललंत की त्याच सॉकेटमध्ये एक्स३डी बसवता येईल. आधीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी २०१७च्या बोर्डांवर बायोस अपडेट करून ५८००एक्स३डी चालवले आहेत, म्हणून म्हणतो.

नावापुढची अक्षरं बघा. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी. एएमडीच्या नावातलं 'जी' म्हणजे आतलं ग्राफिक्स, गेमिंग नव्हे बरं का! ५६००जीमध्ये कॅश १६ एमबीच, साध्या ५६००च्या निम्मी.

रॅममध्ये काटकसर मात्र अजिबात करू नका. मला एका दुकानदाराने १६ जीबीची एकच स्टिक लावून दिली होती, 'दुसरी नंतर टाका' म्हणून. आठ महिने मी प्रोसेसरला शिव्या घालत होतो. दुसरी स्टिक लावली, डेटा दोन वाटांनी यायला लागला आणि झटके गेले. तुम्ही डीडीआर५-६०००च्या १६ जीबीच्या दोन घ्या आणि बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ती ४८००वरच रांगत राहील.

बिल करण्याआधी बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि पॉवर सप्लायचं नाव इथे टाका, बघून सांगतो.